डबक्यापलीकडून आलेलं स्थळ

चहाखान्याच्या भिंतीवर नगरपालिकेचा कागद लागला, तेव्हा तुतझार गल्लीतल्या बाकीच्या लोकांनी तो वाचला. नेमत दोमलांनी, म्हणजे गल्लीतल्या निवृत्त मास्तरांनी, आधी तो एका कोपऱ्यातून सोलून मागे काय आहे ते बघायचा प्रयत्न केला. कोपरा हलेना. खळ पक्की होती. पहिला संशय त्यांना तिथेच आला.

"सरकारी कागदाला इतकी चांगली खळ?" ते म्हणाले. "यात काहीतरी आहे."

कागदात एवढंच होतं, की शहरातल्या सात गल्ल्यांत नवं डांबर, कडेनं फरशी, दिवे आणि पाण्याच्या चाऱ्यांची दुरुस्ती होणार आहे, आणि त्याआधी अधिकारी घरोघरी येऊन लोकांच्या अडचणी समजून घेतील.

"अडचणी समजून घेतील," दोमलांनी ते वाक्य दोनदा वाचलं. "पण का?"

"कुणीतरी मोठा माणूस येणार असेल," शेजारचे कुच्कोर-आका पियाल्यात चहा ओतत म्हणाले. तीस वर्षं बस चालवल्यामुळे रस्ता या विषयात त्यांचा शब्द शेवटचा मानला जाई.

"आपल्या गल्लीत?"

"गल्लीतून. वाट चुकून."

दोमलांना हे पटलं, कारण याआधी तसंच झालं होतं. गल्लीत पहिलं डांबर पडलं ते एक पाहुणे येणार म्हणून. पाहुणे दुसऱ्याच रस्त्यानं गेले. मग दुसरा थर पडला, सहा वर्षांपूर्वी तिसरा. प्रत्येक वेळी जुना थर न उकरता त्यावरच नवा ओतला, जशी घाईत असलेली सून मळक्या चादरीवर धुतलेली चादर अंथरते. दोमलांचं घर गल्लीच्या सगळ्यात खोलगट जागी. त्यांचं लग्न झालं तेव्हा रस्त्यावरून दोन पायऱ्या चढून दारात जावं लागे. आता रस्त्यावरून एक वीत चार बोटं खाली उतरावं लागतं. दर वसंतात ते पट्टी घेऊन मोजत, म्हणून हा आकडा पक्का.

पाणी उताराकडे जातं हे त्यांनी चौतीस वर्षं शाळेत शिकवलं. ते निवृत्त झाल्यावर पाणी हा धडा घरी येऊन म्हणून दाखवू लागलं. पावसाचं येई, वितळलेल्या बर्फाचं येई, चारी तुंबली की चारीचं येई. शिवाय आमच्याकडे पहाटे प्रत्येक घरची बाई दारापुढचा रस्ता झाडून त्यावर पाणी शिंपडते. घराचं वळण त्यावरूनच ओळखतात. त्यामुळे चाळीस घरांचं चांगलं वळण रोज सकाळी वाहत येऊन दोमलांच्या दारात साचे. डबकं बारमाही होतं. एकदा त्यात बदक उतरलं होतं.

या डबक्याचं दुःख नुसतं ओल्या जोड्यांचं असतं तर दोमलांनी ते विज्ञान म्हणून सोसलं असतं. पण घरात मुहय्यो होती. मुलगी सव्वीस वर्षांची, औषधांच्या दुकानात कामाला, बोलायला कमी, डोक्यानं हुशार. तीन वर्षांत तिला तीन स्थळं आली आणि तिन्ही डबक्यावरून परत गेली. पहिल्या बायका पलीकडच्या काठावर उभ्या राहून चौकशी करून गेल्या. दुसऱ्या जरा धीराच्या होत्या, पण त्यांतल्या मावशींचा जरीचा जोडा पाण्यात निसटला आणि तरंगत अंगणात आला. पाहुण्यांपैकी तो एकटाच घरात पोचला. तिसऱ्यांनी कोपऱ्यावरून पाहिलं आणि गाडी वळवली.

हिदायत-ओपा, म्हणजे दोमलांच्या पत्नी, पाच वेळच्या नमाजानंतर अल्लाकडे दोन गोष्टी मागत: मुलीला चांगलं घर आणि दाराला कोरडा रस्ता. अलीकडे त्या दोन्ही एका दमात मागत, कारण एकीवाचून दुसरी मिळणार नाही हे त्यांना कळून चुकलं होतं.

"अहो, अधिकारी आले की नीट बोला," त्या म्हणाल्या. "संशय घेऊ नका."

"मी संशय घेत नाही. मी फक्त विश्वास ठेवत नाही," दोमला म्हणाले आणि अर्ज लिहायला बसले. जुने तिन्ही थर उकरल्याशिवाय चौथा टाकू नये, असा नऊ कलमी अर्ज.

कुच्कोर-आकांनी अर्ज वाचला आणि मान हलवली. "फार सौम्य झालाय, दोमला. सगळं वाईट सांगायचं. निम्मं वाईट सांगितलंत तर निम्माच रस्ता करतील, आणि तो निम्मा समोरच्यांचा असेल."

"पण येणार कोण, कसे, ते तरी ओळखू यायला हवं."

"त्यात काय? दोघं असतात. काळी गाडी. एक बोलतो, दुसरा मान हलवतो. आणि आम्ही रस्त्याचे अधिकारी असं कधीच सांगत नाहीत."

"का?"

"सांगितलं तर लोक खरं बोलतील का?"

दोमलांना हे इतकं पटलं की त्यांनी कुच्कोर-आकांचा पियाला स्वतः भरला.

बुधवारी सकाळी एक बाई आली. साधा झगा, डोक्याला रुमाल, काखेत जाडजूड वही. डबक्याच्या काठावर थांबून तिनं ते लांबीला पाहिलं, रुंदीला पाहिलं आणि म्हणाली, "अस्सलाम आलैकुम. घराची थोडी माहिती हवी होती."

हिदायत-ओपांच्या छातीत धस्स झालं, ते आनंदानं. मागणी घालायला येणाऱ्या बायका आमच्याकडे कधी सरळ बोलत नाहीत. कुणी हरवलेली कोंबडी शोधत येतं, कुणी भाड्यानं खोली आहे का विचारतं. खुद्द हिदायत-ओपांना बघायला त्यांच्या सासूबाई चाळण मागायला आल्या होत्या. अकरा दिवसांनी सून घेऊन गेल्या, चाळण राहिलीच. तेव्हा वही घेऊन माहिती विचारणारी बाई म्हणजे कोण, हे त्यांना सांगावं लागलं नाही. त्यांनी धावत जाऊन दिवाणखान्यातला लाल गालिचा आणला आणि डबक्यावर अंथरला. गालिचा शांतपणे बुडाला. बाई त्यावरून आत आली.

"अगं, ही कोण?" दोमलांनी खांबाआडून विचारलं. "वहीत काय लिहितेय?"

"गप्प बसा. स्थळ आहे."

"वही घेऊन?"

"शिकलेलं घर असेल. आणि हे बघा, तोंडातून एक वाकडा शब्द काढलात तर मी माहेरी जाईन."

माहेर चार घरं सोडून होतं, पण धमकी धमकीच. दोमला येऊन बसले.

दस्तरखान, म्हणजे खाणं मांडायचं कापड, पसरलं गेलं. बदाम आले, मनुका आल्या, सणाला ठेवलेलं सफरचंदाच्या मुरंब्याचं भांडं आलं. बाई संकोचून म्हणाली, "मला फक्त दोन-चार गोष्टी विचारायच्या होत्या. घरात पाणी शिरतं का?"

दोमलांनी तोंड उघडलं. हिदायत-ओपांनी त्यांच्याकडे पाहिलं. दोमलांनी तोंड मिटून पुन्हा उघडलं. "पाणी? छे. घर कसं ठणठणीत."

"तळघर?"

"तळघरात तर धूळ उडते."

"आणि दारातलं ते डबकं?"

इथे दोमला अडखळले. मग चौतीस वर्षांचं अध्यापन मदतीला आलं. "ते आत्ताच झालंय. तुम्ही येणार म्हणून जरा जास्त शिंपडलं."

बाईनं लिहून घेतलं. मुहय्यो चहा घेऊन आली, तर बाईनं तिच्याकडे धड पाहिलंही नाही. विचारलं ते एवढंच, की भिंतीला ओल येते का. मुहय्योनं आईकडे पाहिलं, वडिलांकडे पाहिलं आणि पियाला ठेवून आत गेली.

"कमाल आहे," निघताना बाई म्हणाली. "पूर्ण गल्लीत एक तक्रार नाही. इतकी समाधानी माणसं मी पाहिली नाहीत. मी वर तसं कळवते. इथे सही करता का?"

सहीचं नाव काढताच दोमलांनी हात मागे घेतला. पण मागे हिदायत-ओपा उभ्या होत्या. त्यांनी सही केली.

"फार मुरलेली बाई," दार लागल्यावर हिदायत-ओपा पुटपुटल्या. "मुलीकडे ढुंकून पाहिलं नाही. खरं घराणं असंच असतं." आणि दुसऱ्या दिवशी सकाळीच ही गोड बातमी सांगायला त्या बहिणीकडे गेल्या.

त्या गेल्या आणि तासाभरात गल्लीत काळी गाडी शिरली.

दोमला अंगणातल्या लाकडी चौथऱ्यावर बसले होते. ते उठून उभे राहिले. गाडीतून दोघं उतरली: एक भरदार बाई, हातात मोठी पिशवी, आणि एक धिप्पाड गृहस्थ. बाईनं डबकं पाहिलं. म्हणाली, "अस्सलाम आलैकुम, आका. आम्ही या भागात एखादं घर मिळतंय का बघत होतो. वस्ती कशी आहे?" गृहस्थांनी मान हलवली.

एक बोलतो, दुसरा मान हलवतो. दोमलांच्या मनात कुच्कोर-आकांबद्दल आदर दाटून आला.

"घर बघताय होय?" ते मनात हसत म्हणाले. "या ना. सगळं दाखवतो. काही लपवणार नाही."

आणि त्यांनी काही लपवलं नाही. आधी काठी बुडवून डबक्याची खोली दाखवली. तळाशी काठीला लाल गालिचा लागला, तोही वर काढून दाखवला. मग तळघर. तिथे लोणच्याच्या बरण्या तरंगत होत्या आणि एकमेकींवर आपटून किणकिणत होत्या. मग भिंतीची भेग. बाईंना त्यात बोट घालायला लावलं. मग छप्पर. बाई नुसत्या "हो का" म्हणत होत्या, आणि त्यांचं ते शांतपणे बघणं दोमलांना पक्कं सरकारी वाटत होतं. त्यामुळे त्यांना आणखी चेव चढला.

"ओलीमुळे बायकोचे गुडघे गेले," ते म्हणाले. "आणि मुलगी याच डबक्यात घसरून पडली. हात मोडला." (हात मुरगळला होता, तोही सातवीत असताना. पण निम्मं सांगायचं नाही असं ठरलं होतं.)

बाई थांबल्या. "मुलगी आहे तुम्हाला?"

"आहे ना. सव्वीस पूर्ण. तीन स्थळं आली, तिन्ही परत गेली. लोक दारापर्यंत येतात आणि तोंड फिरवतात. लिहून घ्या हवं तर."

"बरी आहे का आता?"

"मुलगी बरीच आहे हो. पण फार स्पष्ट. बोलत नाही कधी, आणि बोलली की समोरचा उरत नाही. हेही ओलीमुळेच असणार."

एवढ्यात कुंपणावरून कुच्कोर-आकांचं डोकं वर आलं. गाडी पाहून त्यांना राहवलं नव्हतं. "आणि बेडूक सांगितलेत का, दोमला? बाई, यांच्या घरी संध्याकाळी बेडकांपायी माणसाचा शब्द ऐकू येत नाही!"

"ते राहिलंच," दोमला म्हणाले.

अर्ज पुढे करून त्यांनी दोघांच्या साक्षीदार म्हणून सह्या मागितल्या. बाईंनी नऊही कलमं लक्षपूर्वक वाचली. गृहस्थांनी मान हलवून सही केली. मग बाईंनी हळूच पिशवी उघडली आणि पांढऱ्या फडक्यात बांधलेलं एक गाठोडं चौथऱ्यावर ठेवलं.

दोमला ताडकन मागे सरले. अधिकारी घेतात हे त्यांनी ऐकलं होतं. अधिकारी स्वतःहून देतात, म्हणजे प्रकरण फारच खोल असलं पाहिजे. तोंड बंद करायला आले होते तर!

"हे उचला," ते म्हणाले. "गरीब आहे, पण विकला जाणार नाही. माझ्या घरात हे चालणार नाही!"

बाईंचा चेहरा पडला. त्यांनी गाठोडं उचललं, "तुमची मर्जी" म्हणाल्या आणि डबकं ओलांडून गाडीत बसल्या. त्याच वेळी हिदायत-ओपा कोपऱ्यावरून येत होत्या. त्यांना गाडीच्या काचेतून बाईंच्या मांडीवरचं गाठोडं दिसलं. फडक्यातून दिसणारा दोन नानांचा गोल आकार, वर मिठाईच्या पुडीचा उंचवटा, चार टोकांची गाठ. अशी गाठ माणूस एकाच कामासाठी बांधतो.

"अहो, कोण आलं होतं?"

"रस्त्याचे अधिकारी. लाच देत होते. परत पाठवली!"

हिदायत-ओपा दाराच्या चौकटीला धरून खाली बसल्या. मागणीची नान मोडणं म्हणजे होकार, परत करणं म्हणजे नकार, आणि तोही तोंडावर मारलेला. त्या ओरडल्या नाहीत. त्यांनी फक्त दोमलांकडे पाहिलं, उठल्या आणि तळघरात जाऊन बरण्या काठाला लावू लागल्या. बायकोचा आवाज चढला असता तर दोमलांना सोसवलं असतं. बरण्यांचा किणकिणाट सोसवेना.

दुसरा घाव संध्याकाळी बसला. मोहल्ल्याच्या प्रमुख ज़ुलहुमोर-ओपा हातात कागद नाचवत गल्लीत आल्या. "अरे, माणसं आहात का कोण! नगरपालिकेच्या इंजिनीअर बाई काल आल्या होत्या. सगळ्या गल्लीनं काय सांगितलं त्यांना? 'तुतझार गल्ली, रहिवासी पूर्ण समाधानी, कामाची गरज नाही.' यादीतून नाव गेलं आपलं!"

मग प्रत्येक जण शेजाऱ्याला विचारू लागला, तू काय सांगितलंस? ज्यांच्या घरी मुलगी होती त्यांनी मुलीपायी रस्ता गुळगुळीत सांगितला होता. ज्यांना मुलगी नव्हती त्यांनी भाचीपायी. कुच्कोर-आकांच्या घरी ना मुलगी ना भाची. बाई बडीशेप चघळत ऐकत होती, म्हणून त्यांनी बोलण्याच्या भरात सांगून टाकलं होतं, की या गल्लीत चालत्या बसमध्ये चहा सांडत नाही. पण डबकं दोमलांच्या दारात, म्हणून बोट शेवटी त्यांच्याकडेच वळलं.

"सगळं वाईट सांगा असं कुणी म्हणालं होतं?" दोमलांनी विचारलं.

"मी अधिकाऱ्यांना सांगा म्हणालो होतो," कुच्कोर-आका म्हणाले. "पाहुण्यांना नव्हे."

शुक्रवारी दोमला अर्ज घेऊन नगरपालिकेत गेले. पहिल्या खिडकीतल्या माणसानं सांगितलं, तक्रारी तिसऱ्या खिडकीत. तिसऱ्या खिडकीतला म्हणाला, "तुमच्या गल्लीची तक्रार नाही अशी नोंद आहे. तक्रार नसल्याबद्दलची तक्रार इथे घेत नाहीत." शेवटी इंजिनीअर बाई स्वतःच जिन्यात भेटल्या. त्यांनी दोमलांना ओळखलं आणि वही उघडली. त्यात दोमलांची सही होती, शाळेच्या निकालपत्रकावर करत तशी, खाली रेघ ओढलेली.

"बुधवारी तळघरात धूळ उडत होती," बाई म्हणाल्या. "शुक्रवारी बरण्या तरंगतात. यातलं कुठलं धरू, दोमला?"

आयुष्यात पहिल्यांदाच दोमलांना कुणावर संशय घ्यायला जागा सापडेना. मान खाली घालून ते म्हणाले, "आम्हाला वाटलं, तुम्ही मुलगी बघायला आलात."

बाईंनी वही मिटली. त्यांच्या ओठांचे कोपरे हलत होते. "माझी आईपण कोंबडी शोधत गेली होती, माझ्या भावासाठी," त्या म्हणाल्या. "ठीक आहे. मी पुन्हा येते. पण या वेळी आधी तळघर, चहा नंतर." आणि अर्जावर त्यांनी लिहिलं: जुने थर उकरून मगच नवा.

ही बातमी दोमलांनी घरी सांगितली, पण घरात ती ठेवायला जागा नव्हती. हिदायत-ओपा नमाजाच्या चटईवर बसल्या होत्या. रस्ता मागून झाला होता आणि मिळाला होता. दुसरं मागणं मागायचं धैर्य त्यांच्यात उरलं नव्हतं. मुहय्योनं वडिलांपुढे चहा ठेवला. ती चिडली नव्हती, हेच दोमलांना लागलं.

"मी चुकलो गं," ते म्हणाले.

"काय सांगितलंत तुम्ही त्यांना?"

दोमलांनी सांगितलं. गुडघे, मोडलेला हात, बेडूक, सव्वीस, स्पष्ट.

"म्हणजे खरंच सांगितलंत," मुहय्यो म्हणाली. "हात सोडून."

शनिवारी काळी गाडी पुन्हा आली.

त्या बाई, साओदत-खोला, एकट्याच उतरल्या. या वेळी त्यांनी पायांत रबरी बूट घातले होते. डबक्यातून सरळ चालत त्या अंगणात आल्या आणि चौथऱ्यावर बसल्या. गाठोडं मांडीवर होतं.

"आका, परवा तुम्ही मला कोण समजलात ते कोपऱ्यावरच्या नानवाल्यानं सांगितलं," त्या म्हणाल्या. "पण मी त्यामुळे आले नाही. माझ्या इस्कंदरसाठी मी बारा घरं पाहिली. बारांतल्या एकातही काही उणं नव्हतं. छप्पर गळत नाही, सासू भांडत नाही, मुलीला राग येत नाही. घरी येऊन मला झोप लागायची नाही. हे लोक लपवतायत काय? तुमच्याकडून गेले आणि शांत झोपले."

हिदायत-ओपांनी रुमालाच्या टोकानं डोळे टिपले. आतल्या दाराआड बांगडी वाजली.

कुणाही बापाचं मन इथे विरघळलं असतं. दोमलांचे मात्र डोळे बारीक झाले. इतकं सगळं ऐकून माणसं परत येतात?

"मुलात काय खोट आहे?" त्यांनी विचारलं.

"अहो!" हिदायत-ओपा किंचाळल्या.

"विचारू दे," साओदत-खोला म्हणाल्या. "जनावरांचा डॉक्टर आहे. घोरतो. कपड्यांना गोठ्याचा वास येतो, तो जात नाही. मी राख लावून पाहिली. कुणाला नाही म्हणता येत नाही, म्हणून आत्ता आमच्या अंगणात लोकांच्या तीन आजारी शेळ्या आणि एक गाढव आहे. त्याच्या वडिलांना, परवा माझ्याबरोबर होते त्यांना, लवकर राग येतो. माझं म्हणाल तर मी स्वयंपाकघरात दुसऱ्याचा हात सहन करत नाही, पण आता वय झालंय, करीन."

दोमला एकेक गोष्टीला मान हलवत होते. चेहरा हळूहळू निवळत होता.

"आणखी?"

"आणखी काही नाही."

"असणारच," दोमला म्हणाले. "आणखी काहीतरी असणारच. इतक्यात संपत नाही माणूस."

तेव्हा आतलं दार उघडलं आणि मुहय्यो बाहेर आली. अशा वेळी मुलीनं बाहेर यायचं नसतं, हे तिला ठाऊक होतं. तिनं साओदत-खोलांना वाकून सलाम केला, गाठोड्याच्या चारही टोकांची गाठ सोडली आणि वरची नान दोन्ही हातांनी वडिलांपुढे धरली.

"बाबा, उरलेलं मी शोधीन," ती म्हणाली. "मला आयुष्य पडलंय."

कुंपणावर कुच्कोर-आकांचं डोकं होतं, पण ते पहिल्यांदाच गप्प होतं. दोमलांनी नान हातात घेतली, उलटी केली, खालून कुठे करपली आहे का ते पाहिलं, कडेला दाबून आतून कच्ची तर नाही ना याची खात्री करून घेतली. मग बिस्मिल्ला म्हटलं आणि मोडली.